बिघडलेलं यंत्र

औषधाच्या दुकानात निवृत्त मुख्याध्यापिका बीपीचं यंत्र परत करायला आल्या. "वरचा आकडा एकशे ऐंशी दाखवतंय! डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मी चांगली ठणठणीत आहे. बिघडलंय हे."

"बाई, बीपी गुपचूपच वाढतं. त्रासाची वाट बघत बसलात, तर हृदय, मेंदू, किडनी, सगळंच धोक्यात," दुकानदार म्हणाला आणि यंत्राची खात्री पटवायला त्याने पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळला.

आकडा आला एकशे ब्याण्णव.

"बिघडलंच आहे की हो!" म्हणत त्याने घाईघाईने नवं खोकं फोडलं. बाईंचा एकशे अठ्ठ्याहत्तर, त्याचा एकशे नव्वद.





मग बाईंनी पर्स उचलली. "शटर ओढा. डॉक्टरांकडे नंबर लावायचाय, पहिला तुमचा."