सायलेन्सरवाल्या ताईंचं गिऱ्हाईक

गाडी लिफ्टवर चढली होती आणि ताई तिच्या पोटाखाली उभ्या राहून धुराची जुनी नळी बोटांनी चाचपत होत्या. नळी वळणावर चिमटलेली होती, त्यामुळे वेगात गाडीचा श्वास कोंडत होता.

"इंजिन शर्यतीच्या घोड्याचं आणि नाक सर्दीचं," ताई म्हणाल्या.

शेजारी उभी असलेली बॉबकटवाली मुलगी हसली, आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं.

वही पाहून ताईंच्या मनात पाल चुकचुकली. शेजारच्या लेथवाल्या काकांनी कालच बजावलं होतं, की गाड्यांतले बेकायदा फेरफार पकडायला तपासणी खात्याची माणसं गिऱ्हाईक बनून फिरताहेत. एकजण गोड बोलून विचारतो, दुसरा साक्षीला बसतो. इथेही दोघी होत्या. बॉबकटवाली प्रश्न विचारत होती आणि गाडी चालवत आणणारी तिची उंच मैत्रीण कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसली होती.

वडिलांमागे ताईंनी ही शेड चोवीस वर्षं एकटीनं चालवली होती. लोक त्यांना सायलेन्सरवाल्या ताई म्हणत, आणि त्यांनी एक स्वतःलाही बसवून घेतलाय, अशी थट्टा करत. बोलणं मोजकं, काम चोख. लग्न राहून गेलं, त्याची खंत कधीच निवली होती. महिन्याभरापूर्वी मात्र पलीकडच्या गल्लीतल्या चष्मेवाल्यांनी, दर गुरुवारच्या चहाच्या वेळी, कप खाली ठेवून सरळच विचारलं होतं. गृहस्थ विधुर, शांत, सज्जन. ताईंनी कान लाल होऊन एवढंच म्हटलं, की आधी तुमच्या घरी विचारा. त्यानंतर चार गुरुवार कोरडे गेले. नकारच असणार, असं समजून ताईंनी मनाची समजूत घातली. आहे त्यात काय कमी होतं? हात चालत होते, झोप लागत होती.

त्या पहिल्या शनिवारी नुसता आराखडा ठरला. नळी अर्ध्या इंचानं मोठी, स्टीलची, वळणावर न चिमटणारी. मधे एक छोटा डबा, म्हणजे लांबच्या रस्त्यावर कानात घुमणार नाही. आवाज भारदस्त हवा, पण गल्लीत भांडण नको, असं उंच मैत्रिणीनं एकदाच तोंड उघडून सांगितलं. ताईंनी जमिनीवर खडूनं नळीचा मार्ग काढून दाखवला. काढता काढता चष्मा नाकावरून घसरला. बॉबकटवालीनं तो मागून घेतला, वाकलेली दांडी दोन अंगठ्यांनी हलकेच सरळ केली आणि परत दिला. हात सवयीचा होता. बारीक उपकरणं हाताळणारं माणूस, ताईंनी नोंद केली. म्हणजे खात्यातलंच.

दुसऱ्या शनिवारी प्रश्न आलाच.

"धूर गाळणारा डबा काढून टाकला तर ताकद वाढते म्हणे?"

"थोडी वाढते," ताई म्हणाल्या. "पण मी काढत नाही."

"दुसरीकडे काढून देतात."

"मग दुसरीकडे जा. मागून येणाऱ्याच्या नाकात धूर सोडून मला पुढे जायचं नाही."

मुलीनं मान डोलावली आणि वही मिटली. त्या दिवशी बाकीचं सगळं तिनं गाडीबाहेरचंच विचारलं. इतकी वर्षं एकटीनं कसं जमवलं, गिऱ्हाईक चिडलं तर काय करता, जेवण वेळेवर होतं का. चौकशीची ही नवी तऱ्हा ताईंना गमतीची वाटली. त्यांनी सगळं खरं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतंच. उलट कुणीतरी इतकं विचारतंय, याचंच बरं वाटलं.

तिसऱ्या शनिवारी मात्र त्यांचीच चूक निघाली. नळी बसली होती, जोड आरशासारखे दिसत होते, दोघी खूश होत्या. पण खड्ड्यात गाडी दबली की नळी वरच्या दांड्याला घासेल, हे ताईंना मोजताना कळलं. फरक बोटभर. वर्षभर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

समोरची खात्यातली असेल तर ही कबुली वहीत जाणार होती. मग त्यांनी हातमोजे चढवले.

"माझं माप चुकलं," त्या म्हणाल्या. "हा तुकडा कापून नवा करते. आणखी एक आठवडा द्या. भुर्दंड माझा."

चौथ्या शनिवारी सकाळी गाडी सुरू झाली. आधी खोल हुंकार, मग पाय दाबताच भरलेला, गोलसर आवाज. कुठे खडखड नाही, चिरका सूर नाही. लेथवाले काका यंत्र बंद करून दारात आले. ताईंनी आवाज मोजून कागदावर लिहिला आणि कागद मुद्दाम बॉबकटवालीच्या हातात दिला.

"मर्यादेच्या आत आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या साहेबांना दाखवा."

"कोणते साहेब?"

"खात्यातले. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

दोघी एकमेकींकडे पाहून इतक्या हसल्या, की उंच मैत्रिणीनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. गाडी आपलीच आहे आणि काम खरोखर करायचंच होतं, असं तिनं हसू आवरत सांगितलं. मग तो कागद बॉबकटवालीकडून घेऊन तिनं गाडीत जपून ठेवला.

बॉबकटवाली दार उघडून बसायला निघाली आणि थांबली. ताईंचे काळे झालेले हात तिनं दोन्ही हातांत धरले.

"यापुढे मला तुम्हाला ताई म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "चष्म्याच्या दुकानात बसतात ते माझे बाबा, आणि मी आज त्यांना हो सांगणार आहे."