रविवारची डिस्क

गेमच्या नव्या मशीनला डिस्क घालायची फटच नव्हती. बुद्धरत्नने ते मांडीवर घेऊन चारी बाजूंनी चाचपलं आणि रणजीतकडे पाहिलं. रणजीत टीव्हीमागे वाकून वायर जोडत होता. तिथूनच त्याने सांगितलं की नवा गेम डिस्कवर आलेलाच नाही, तो फक्त नेटवरून उतरवायचा. मशीन त्याने स्वतःच आणलं होतं, भेट म्हणून. जाताना जुनं मशीन आणि डिस्कचा खोका मात्र तो घेऊन गेला. उगाच जागा अडते, म्हणाला.

दोघं चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला होते. गेम दोघांत मिळून एक घ्यायचा, आठवडाभर एकाने खेळायचा, मग दुसऱ्याने. बुद्धरत्नचे पाय गेल्यापासून ही अदलाबदल चिखलीच्या त्याच्या घरी होऊ लागली. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. तो खाली उतरायचा तो फक्त दवाखान्यासाठी, तेही दोघांनी खुर्चीसकट उचललं तर. कंपनीतले बाकीचे वर्षभरात यायचे थांबले. रणजीत मात्र चार वर्षं दर रविवारी यायचा. डिस्क बदलायला म्हणून यायचा आणि दिवेलागणीपर्यंत बसायचा. बुद्धरत्न सकाळीच दाढी करून ठेवायचा. मिनल, त्याची बायको, भजी तळायची.

पाय गेले ते कंपनीत माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टखाली. ती रणजीत चालवत होता. फोन कानाला लावून त्याने गाडी मागे घेतली, तेव्हा बुद्धरत्न पायी चालणाऱ्यांसाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या आतच उभा होता. पण महिन्यावर रणजीतचं लग्न आलं होतं. चौकशीला आलेल्या साहेबांना बुद्धरत्नने खाटेवरून सांगितलं की पिवळा पट्टा मीच ओलांडला, चूक माझी. खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. मिनललाही त्याने सांगितलं नाही. त्याला उचलून, धुऊन, कपडे घालून ती थकायची आणि एखाद्या दिवशी बोलून जायची की जरा बघून चालला असतात तर ही वेळ आली नसती. बुद्धरत्न मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

मशीन आलं त्याच्या पुढच्या रविवारी रणजीतचा निरोप आला, ओव्हरटाइम आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी बुद्धरत्नने सहज मित्रांची यादी उघडली. रणजीतच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. तो खेळत होता. बुद्धरत्नने मलाही घे म्हणून कळवलं. उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने यादीतून ते नावच गेलं. नेटचा घोटाळा असेल, असं त्याने मिनलला सांगितलं. तिने काही विचारलंही नव्हतं.

आठवडाभर तो ती यादी उघडून बघत राहिला. शनिवारी त्याने भैरू नावाने दुसरं खातं उघडलं.

रविवारी रणजीतच्या चौघांच्या टोळीत एक जण कमी होता. त्याचं नाव शोधून भैरूने मला घेता का विचारलं, त्यांनी लगेच घेतलं. आवाज ओळखू येईल म्हणून बुद्धरत्नने माइक बंद ठेवला आणि बिघडलाय असं टाइप केलं. टीव्हीतून रणजीतचा आवाज खोलीभर झाला. तो खदाखदा हसत होता. या खाटेच्या कडेला चार वर्षं बसून तो एकदाही असा हसला नव्हता. खेळ रंगला. पुलाखाली रणजीतला गोळी लागली, बाकीचे दोघं पुढे निघून गेले. बुद्धरत्न मागे वळला. त्याला खांद्यावर टाकून नदीतून पळत पळत पलीकडे घेऊन आला. रणजीत म्हणाला, असा गडी आजवर भेटला नव्हता, भैरूभाऊंनी आता आपली टोळी सोडायची नाही. बुद्धरत्नच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कितीतरी दिवसांनी त्याला कोणी शाबासकी दिली होती.

पुढचा डाव सुरू व्हायला वेळ होता. टोळीतला सोनबा नाशिकचा होता. रणजीतला त्याने कधी प्रत्यक्ष पाहिलेलंही नव्हतं. त्याने सहज विचारलं की इतके दिवस जुन्याच मशीनवर का अडकला होतास.

"एक मित्र आहे. माझ्या गाडीखाली त्याचे पाय गेले," रणजीत म्हणाला. "फोनवर मी बोलत होतो, चूक माझी. त्यानं स्वतःवर घेतली. तेव्हाच माझं नाव सांगितलं असतं ना राव, तर नोकरी गेली असती आणि मी सुटलो असतो. त्याऐवजी चार वर्षं दर रविवारी डिस्क घेऊन त्याचं तोंड बघायला जावं लागलं. आता डिस्कच नाही. बरं झालं."

सोनबा खरंय म्हणाला आणि दुसरंच काहीतरी बोलू लागला.

मिनल दारात चहा घेऊन उभी होती. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिने कप जमिनीवरच ठेवला.

"चूक तुमची नव्हती?"

बुद्धरत्नने मागे पाहिलं नाही. पडद्यावर एकेक अक्षर शोधत तो टाइप करू लागला. आधी स्वतःचं नाव लिहिलं, अख्खं, आडनावासकट. मग ते न पाठवताच शेवटून एकेक अक्षर पुसत गेला.

मिनल त्याच्या खुर्चीपाशी आली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चार वर्षं मी काय काय बोलले तुम्हाला, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

त्याने तिचा हात अलगद बाजूला केला, कारण डाव सुरू व्हायला दहाच सेकंद उरले होते. घाईघाईने भैरूने रणजीतला लिहिलं, "पुढच्या रविवारी किती वाजता येऊ?"