पाण्याचं वजन

देवीदासनं बाभळीची जाड लाकडं एकदम चुलीत कोंबली. जाळ दबला आणि कापसाच्या कोठ्याच्या भिंतीवर पिवळट धूर चढला.

"काढा ते," मनकर्णाबाई म्हणाली.

"अवं, दलाल वेशीत आला! आता तं जाळ मोठाच पायजे."

"जाळ कुठी हाय? धूर मोठा करून राहिले तुमी. काढा म्हनते ना!"

नवरा ऐकत नाही म्हटल्यावर ती स्वतःच चुलीपुढं बसली. चूल तिचीच होती. कोठ्याबाहेर थापलेली. बुडं फोडलेली मडकी एकात एक बसवून, सांधे चिखलानं लिंपून, तिनं त्यांची नळी कोठ्यातून आरपार नेली होती. आग अलीकडं, धूर पलीकडं, आत फक्त ऊब. त्या उबेत बाजांवर कापूस पसरला होता. ओल निघून जावी म्हणून झरोका उघडा. एखादी ठिणगी आत गेली असती, तर अख्ख्या वर्षाचं पीक भपकन पेटलं असतं.

कापूस ओला कशानं झाला, हे गावात कोणी विचारत नव्हतं. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला होता, की त्यात मिसळलेलं पाणीही कापसाच्याच भावानं खपे. देवीदास काही खुळा नव्हता. गाडी भरायच्या आधी त्यानं ढिगावर घागरी रित्या केल्या. अमरावतीच्या गुलाम नबी दलालानं गाडीत हात घातला, ओली बोटं धोतराला पुसावीत तशी देवीदासच्याच उपरण्याला पुसली आणि गाडी माघारी धाडली. "परवा घरी येतो. कोरडा असन तं घेईन. नाई तं औंदा तुमचा माल मले नको."

तेव्हापासून आभाळ भरलेलं. उन्हाचा पत्ता नाही. आणि ओला कापूस आतून पिवळा पडायला लागलेला.

मनकर्णाबाईनं एक सोडून सगळी लाकडं बाहेर ओढली. उरलेलं निखाऱ्यावर आडवं सारलं. शेजारी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची मूठ ठेवली. चुलीच्या तोंडाला खापर लावलं, खाली बोटभर फट सोडली. चूल घुरघुरली. पलीकडून निघणारा धूर आधी पांढरा झाला, मग विरळ, मग दिसेनासाच झाला.

"विझली! बुडवलं तू मले!" देवीदास ओरडला.

"हात लावून पाहा."

तो आत गेला. मडक्याला हात लावला आणि चटका बसताच बोटं तोंडात घातली.

"धूर दिसते तितकं लाकूड वाया जाते," ती बाहेरून म्हणाली. "तुमाले दिसल्याबिगर खरंच वाटत नाई."

तेवढ्यात गुलाम नबी तट्टावरून उतरला. "काहो देवीदासभाऊ, माल इकता का शिजवून खाता?"

देवीदासनं हसायचा प्रयत्न केला, पण हसू उमटेना. दलालानं वरच्या कापसाकडं पाहिलंही नाही. तो आत शिरून कोपऱ्यातल्या बाजेजवळ बसला, अगदी तळाशी हात घातला, मूठभर कापूस काढून गालाला लावला. मग त्यातली सरकी निवडून दाढेखाली धरली. ओली असली तर ती नुसती चेपते.

देवीदासची नजर दलालाच्या जबड्यावर खिळली. बाहेर मनकर्णाबाईचा हातही चुलीपाशी थांबला.

कट्.

सरकी फुटली. गुलाम नबीनं दुसरी चावली. तीही कट्कन फुटली.

"बेशक कोरडा," तो उठत म्हणाला. "भरा गाडी."

"वजन घटन आता," देवीदास पुटपुटला.

"घटन. पन गाडी वापस येनार नाई. उभ्या रस्त्यानं मी ओल्याच गाड्या पाहून राहिलो, भाऊ. असा माल औंदा हाताले लागला नाई. बजारात लोक पुसतीन, कोनाचा म्हनून सांगू?"

देवीदासनं पागोटं सारखं केलं, छाती काढली. "सांगा ना! म्हना, देवीदास—"

"माल माह्या नावानं सांगा, दलालभाऊ," राखेनं माखलेले हात झटकत मनकर्णाबाई दारात आली. "ह्यायचं पानी होतं. ते उडालं."