तांब्यातला पिवळा

समोरच्या चकचकीत स्टीलच्या तांब्याच्या पोटात खिडकी उतरली होती, दाराचा पडदा होता, वेताची खुर्ची होती. खुर्चीत कोणी नव्हतं. माणिकताई त्या तांब्याचं चित्र काढत होत्या, त्यांच्या कागदावर मात्र त्या जागी करंगळीच्या नखाएवढा पिवळा डाग होता. तो डाग म्हणजे त्यांचा मुलगा, धैर्यशील.

सुट्टीवर आला तेव्हा तो त्याच खुर्चीत मोबाइल बघत बसायचा. लडाखहून आलेल्या फौजी पोराला लखनऊची जानेवारी म्हणजे कसली थंडी! नुसता पिवळा टी-शर्ट घालून बसायचा. माणिकताईंनी जलरंगाचा पहिला पातळ हात दिला आणि दुसऱ्याच दिवशी युनिटमधून फोन आला, सुट्टी रद्द. गेल्यापासून त्याचा फोन लागत नव्हता.

आता वरून रंगीत पेन्सिलींचं काम राहिलं होतं, थरावर थर द्यायचं. पण स्टीलला स्वतःचा रंग कुठे असतो? समोर जे असेल ते उसनं घेतं. त्या पिवळ्यात कडेची हिरवट झाक कुठे सुरू होते, करडा कुठे मिसळतो, हे दिसल्याशिवाय काढायचं कसं? फोटोवरून त्या काढत नसत. डोळ्यांनी बघायचं आणि तेवढंच काढायचं, हा त्यांचा हट्ट तेलीबागच्या अख्ख्या कॉलनीला माहीत होता.

"मग ओल्या ब्रशने उचलून टाक ना तो डाग," त्यांचे यजमान राजाराम म्हणाले. सुभेदार म्हणून रिटायर झाले तरी त्यांचा ऑर्डर सोडायचा सोस गेला नव्हता. "रिकामी खुर्ची काढ. समोर आहे तेच काढतेस ना तू?"

"माझा नियम मलाच सांगू नका." माणिकताईंनी ब्रश पाण्यात बुडवला, कागदाजवळ नेला आणि तसाच परत ठेवला. "त्याचा फोन येईपर्यंत नाही पुसवणार मला. वेडेपणा म्हणा हवं तर."

राजाराम उठून आत गेले.

बाहेर आले तेव्हा अंगात धैर्यशीलचा पिवळा टी-शर्ट होता, धुवायच्या कपड्यांतून काढलेला. पोटावर इतका ताणला होता की खालून बनियन डोकावत होतं. खुर्चीत बसून त्यांनी परेडला उभं असल्यासारखी नजर समोर लावली.

माणिकताईंना हसू आवरेना. "अहो, पोट!"

"तांब्यात सगळेच फुगलेले दिसतात. काढ लवकर, थंडी वाजतेय."

माणिकताईंनी पेन्सिल उचलली. फिक्या पिवळ्यावर गडद पिवळा, कडेला हिरवट, मग हलक्या हाताने करडा. ऊन चमकत होतं तेवढा कागद कोरा सोडला.

"मान जरा खाली घ्या. तो मोबाइल बघायचा."

राजारामांनी मान खाली घातली.

खिडकीबाहेर भाजीवाला ओरडला, "बाबूजी, मटर ले लो, ताज़ा मटर!"

"आज नहीं, भैया," राजाराम मान न हलवता म्हणाले.

ऊन सरकायला लागलं तशा माणिकताई घाई करू लागल्या. तो आता नुसता डाग राहिला नव्हता, तिथे कोणीतरी बसलंय हे कळत होतं. त्यांना बरं वाटलं आणि असं बरं वाटण्याची थोडी भीतीही वाटली.

"माणिक."

"हं."

"त्या तांब्यात माझा चेहरा दिसतो का गं?"

"एवढ्याशात चेहरा कुठला दिसायला? नुसता रंग दिसतो."

"बरंय मग," राजाराम म्हणाले, आणि मान खालीच ठेवून, खांदा उचलून, त्यांनी टी-शर्टच्या बाहीला डोळे पुसले.