कोकराचा वाटा

"ताई, ह्या गोळ्या लेकराच्या हाताला लागू देऊ नका. साधी गोळी नाही ही," मेडिकलवाल्या संघपालने महिन्याभरापूर्वी बजावलं होतं. दिपालीने मान हलवली आणि सासूच्या गोळ्या पर्समध्ये टाकल्या. घरातली औषधांची फळी पार छताजवळ. तिच्या दोन वर्षांच्या लेकीचा, म्हाळसाचा हात तिथं पोचायला अजून दहा-बारा वर्षं होती.

आज गुरुवारी, शाळेतून तीनला येते असं सांगून गेलेली दिपाली बारालाच परतली. बजाजनगरातल्या दोन खोल्यांचं दार तिने आपल्या किल्लीने, आवाज न करता उघडलं. स्वतःच्या घरात असं चोरपावलांनी शिरताना तिला लाज वाटली. पण दोन दिवस झाले, म्हाळू फारच शहाणी झाली होती. दाढा येतात म्हणून आठवडाभर घर डोक्यावर घेणारं लेकरू एकदम गप्प कसं होतं? "वळण लागलं तिला," बानाबाई म्हणाल्या होत्या. तेव्हा सासूची पाठ वळताच दिपालीने दुधाची वाटी हुंगून पाहिली होती. वास दुधाचाच होता.

म्हाळू चटईवर झोपली होती. बानाबाई शेजारी बसून तळपायांना खोबरेल चोळत होत्या. साखरेच्या आजाराने त्यांच्या पायांची आग आग व्हायची. त्यासाठी डॉक्टरांनी रात्री एक अमिट्रिप्टिलीन सुरू केली होती. मूळची ती उदासीच्या आजारावरची, पण नसांच्या दुखण्यालाही देतात. पाय शांत व्हायचे, झोपही लागायची.

"आज लवकर गं?"

"शाळा लवकर सुटली," दिपालीने ठोकून दिलं. "ही कधीची झोपलीय?"

"ही काय, आत्ताच."

आत्ता झोपलेल्या लेकराचे ओठ असे वाळून चिकटतात? दिपाली खाली बसली. गाल लालबुंद, अंग गरम, आणि एप्रिलच्या उकाड्यात घामाचा टिपूस नाही. तिने एक पापणी उचलली. बाहुली इतकी पसरली होती की डोळा सगळा काळाच दिसत होता. छातीवर हात ठेवला. ठोके इतके भरभर की मोजता येईनात.

ती स्टुलावर चढली. दहा गोळ्यांचं नवं पाकीट सोमवारी रात्री उघडलं होतं. तीन रात्रींच्या तीन जायला हव्या होत्या. पाकिटात दोनच उरल्या होत्या.

"आई, म्हाळूला यातली गोळी दिली का?"

बानाबाईंनी तेलाची बाटली शांतपणे बंद केली. "दिली की. त्यात काय चोरी हाय? मेंढीला अख्खी तर कोकराला पाव. उभी हयात कळपामागं गेली माझी, एक कोकरू दगावलं नाय माझ्या हातनं. दोन दिस पाव पाव दिली. आज पावानं भागंना, लई रडत व्हती. मंग अर्धी दिली."

"कधी?"

"तू गेल्या-गेल्या."

"ती कोकरू नाही, आई."

"म्हनून तर मधात दिली."

दिपालीने लेकीला उचललं. मान खांद्यावरून घरंगळली.

"लिंबू चाटव, उतरंल," मागून बानाबाई म्हणाल्या.

"तोंडात काही घालायचं नाही. चला."

गोळ्यांचं पाकीट मुठीत घेऊन ती बाहेर पळाली. शेजारचे गयासभाई रिक्षा पुसत होते. त्यांनी लेकराकडे एकदा पाहिलं आणि फडकं खाली टाकलं. "बैठो भाभी. सिग्नल नई देखता मैं आज."

बानाबाई अनवाणीच आत चढल्या. दिपाली म्हाळूचे तळवे चोळत, तिला हाका मारत राहिली. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर, छावणीजवळ म्हाळू बारीकशी कुरकुरली. त्या कुरकुरण्याने दिपालीचं डोकं जरा ताळ्यावर आलं आणि लगेच दुसऱ्याच शंकेने भरून गेलं. पाव, पाव आणि अर्धी. म्हणजे एक गोळी. कमी होत्या पाच.

"आई, बाकीच्या चार कुठं आहेत?"





"सोनाजीच्या सुनंला दिल्या." सोनाजी म्हणजे बानाबाईंचा पिशोरचा भाऊ. "काल आली व्हती ना दवाखान्याला. तिचं लेकरू बी रातभर झोपू देत नाय म्हनली. पदरात बांधून दिल्या."

"केवढं आहे ते?"

"आठवा महिना लागलाय."

"किती द्यायला सांगितली?"

"पावच की." मग बानाबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी अडकित्त्यानं कापते. तिच्याकडं अडकित्ता नाय."

सोनाजी कळप घेऊन रानात होता आणि त्याचा फोन बंद होता. सुनेला स्वतःचा फोन नव्हता. दिपालीने तीनदा लावून पाहिलं. मग एका हाताने म्हाळूला छातीशी धरून तिने दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिहायला घेतलं. नातेवाइकांचा गट, शाळेचा गट, महिला बचत गट, जिथं जिथं तिचा नंबर होता तिथं सगळीकडं पाठवलं.

"पिशोरला किंवा जवळपास कोणी असाल तर आत्ता सोनाजींच्या घरी जा. बाजारतळाच्या मागं, निळं दार. आठ महिन्यांचं बाळ आहे. सुनेकडे चार गोळ्या आहेत, त्या काढून घ्या. तुकडाही दिला असेल तर बाळाला आणि उरलेल्या गोळ्यांना घेऊन लगेच दवाखाना गाठा. ते म्हणतील, बाळ छान झोपलंय. तेवढ्यावर परत फिरू नका. उठवून बघा."