पाण्याच्या बाजूचं उत्तर

आमचं धरण एरवी कोरडं असतं. पूर अडवून हळूहळू खाली सोडायचा, एवढंच त्याचं काम. दरवाजा उघडण्याआधी आम्ही खाली वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या नदीच्या, पात्रातल्या मेंढपाळांना हाक देतो, "पाणी सोडतोय, वर चढा!" खालून "चढलो!" असं उत्तर आल्याशिवाय चाक फिरवायचं नाही.

त्या दुपारी डोंगरातला पूर भिंतीच्या काठाला टेकला. चाकापाशी मी आणि खल्फानकाका दोघंच होतो. मी हाक दिली.

"थांबा, चढतोय!"

उत्तर खालून नाही, भिंतीमागच्या पाण्याच्या बाजूने आलं.

"खल्फानकाका, तिकडे कोण आहे?"

"कुणी नाही. फिरव चाक, नाहीतर भिंत फुटून गाव वाहून जाईल!"

मी चाक धरून पाण्याकडे वाकलो. पुन्हा ओरडणं ऐकू आलं, आता अगदी भिंतीला लागून.

"हिलाल, उघडू नको रे पोरा! मी चढतोय!"

आवाज खल्फानकाकांचा होता.

"फिरव म्हणतो ना," माझ्या शेजारी उभे असलेले काका म्हणाले.