दहा पौंडी

गळाच्या दोऱ्याला हिसका बसला नाही, तो नुसता बाजूला सरकला. रबरी गांडूळ तळाशी, बुडालेल्या झाडाच्या बेचक्यात पडलं होतं. आता कुणीतरी ते तोंडात धरून निघालं होतं.

"काका," थेडा दबक्या आवाजात म्हणाली, "ओढा!"

एस्टिलकाकांनी काठी मागे खेचली. काठी वाकली ती वाकलीच. "लाकडात अडकलं गं," ते वैतागले. तेवढ्यात ते लाकूड चालायला लागलं.

थेडा या तळ्यावर गाइड होती. लोकांना होडीत घालून बास मासा असेल तिथे न्यायचं, हा तिचा धंदा. आजचं गिऱ्हाईक एस्टिल मुलिन्स. उभा जन्म केंटकीच्या कोळशाच्या खाणीत गेला होता आणि आता खाणीनं त्यांच्या छातीत मुक्काम ठोकला होता. नाकात ऑक्सिजनची नळी, पायाशी सिलिंडर. सुटीचा एकूण एक दिवस त्यांनी या तळ्यावर घालवला होता, पण दहा पौंडी बास काही लागला नव्हता. तो लागला व्हर्लनला, खाणीतल्या त्यांच्याच पाळीतल्या दोस्ताला. गळ विकणाऱ्या दुकानाच्या भिंतीवर व्हर्लनचा फोटो होता, आणि त्या भिंतीचा कायदा साधा होता: फोटो नाही तर मासाही नाही. पुढच्या वसंतात होडीचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी काकांना बजावलं होतं. आज सकाळीच व्हर्लन आपल्या होडीतून शेजारून गेला. "काही लागलं तर हाक मार रे, हसायला येतो!" असं ओरडून टेकाडाआड झाला.

काका रीळ फिरवत होते, थांबत होते, धापा टाकत होते. थेडानं काठीला हात लावायला बघितलं, तर "हात काढ!" म्हणून खेकसले.

मग पाणी फुटलं. मासा अख्खाच्या अख्खा वर आला. उघड्या तोंडात काकांची टोपी सहज मावली असती. त्यानं डोकं झटकलं आणि तो पाण्यात पडला, त्याचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. थोड्या वेळानं दमून तो होडीपाशी आला, तेव्हा थेडानं त्याला जाळीत घेतलं, तोंडातला गळ काढला आणि जाळी पाण्यातच धरून ठेवली.

हिरवी पाठ, कुशीवरून गेलेला काळा पट्टा आणि टम्म पोट.

"बाई आहे," काका म्हणाले. "पोटुशी आहे."

"बारा पौंड तरी असेल." थेडाला स्वतःचा आवाज ओळखू येईना.

या तळ्यावरच्या गाइडांची एक रीत आहे. मासा पाण्याबाहेर धरणाऱ्यानं आपलाही श्वास रोखून धरायचा. आपला दम संपला, की त्याला पाणी द्यायचं. आणि एका माशाला एकदाच उचलायचं. तरण्याताठ्या माणसाचे तेवढ्यात चार फोटो निघतात.

"माझ्या श्वासावर उचलू, काका. माझी छाती ठणठणीत आहे."

"मासा माझा आणि श्वास तुझा? शोभतं का पोरी?"

त्यांनी नाकातली नळीही काढली. नळीतला श्वास आपला नव्हे, असं त्यांचं म्हणणं. उघड्या हवेतून त्यांनी छाती भरून घेतली, माशाच्या जबड्यात अंगठा घातला, दुसरा हात पोटाखाली लावला आणि तिला वर उचललं.

थेडानं फोटोसाठी फोन समोर धरला. तिनं शेकडो बास पाहिले होते. हे काही वेगळंच होतं. ऊन तिच्या खवल्यांवरून ओघळत होतं, सोनेरी कड्याचा डोळा स्थिर होता. काकांचा चेहरा देवळात उभ्या असलेल्या माणसासारखा शांत होता. आपण कोण, इथे कशाला आलो, सगळं थेडाच्या मनातून पुसून गेलं.

मग काकांचे खांदे पडले. त्यांनी तिला पाण्यात टेकवलं आणि ते खोकत सुटले. थेडानं झटकन नळी लावली. एवढ्या खोकल्यातही त्यांनी अंगठा सोडला नव्हता. ती पाण्यात त्यांच्या हाताशी होती.

"आला ना फोटो?" बोलता येताच त्यांनी विचारलं.

थेडानं हातातल्या फोनकडे बघितलं. तिनं बटण दाबलंच नव्हतं.

"काका... मी बघतच राहिले हो." तिला रडूच कोसळलं. "पुन्हा उचला ना. इथे कोण बघतंय?"

काका पाण्याकडे बघत होते. कल्ले उघडत होते, मिटत होते. "हिचं एकदा झालंय," म्हणाले आणि त्यांनी अंगठा काढून घेतला. ती लगेच गेली नाही. होडीच्या सावलीत जराशी थांबली, मग शेपटीच्या एका फटक्यात दोघांना भिजवून खाली गेली. काका हसत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

टेकाडाआडून व्हर्लनची होडी आली. "काय रे, पाण्यात कोण पडलं? आवाज तिकडे आला!"

"मासा होता."

"असणारच! फोटो दाखव."

"नाही काढला."

"अरेरे! मग निदान केवढा होता ते तरी सांग. या होडीएवढा का त्या डोंगराएवढा?"

थेडा शपथ घ्यायला तोंड उघडणार, तोच काकांनी तिला हातानं थोपवलं. माप दाखवायला त्यांनी हात पसरले नाहीत.

"एक अख्खा श्वास दिला तिला," ते म्हणाले.

व्हर्लनच्या ओठांवर पुढचा टोमणा तयार होता, तो तिथेच राहिला. कोळशाची तीच धूळ त्याच्याही छातीत होती.

"नळी काढून?"

"काढून."

व्हर्लननं इंजिन बंद केलं.

"म्हणजे माझ्या माशापेक्षा मोठी होती," तो म्हणाला.